आत्तीच्या डोळ्यातला थेंब

माझं माहेर तिकडं पाटनच्या अंगाला, लय पावसाचं गाव, आन सासर इकडं कवठ्याच्या माळावर, जितं पाऊस आला तर आला, न्हाई तर न्हाई. काय सांगू तुमाला, एका टोकाची पोर उचलून दुसऱ्या टोकाला आनून टाकली. आई मी चार वरसाची असताना गेली. बाप म्हनला पोरीच्या जातीला मी कितीसं बघनार, म्हनून बाराव्या वर्सी लगीन लावून दिलं. मी ह्या घरात आले तवा मला धड लुगडं नेसाय येत न्हवतं. सासूला आमच्यात आत्ती म्हनत्यात. आत्तीला पोटची लेक न्हवती, दोन ल्योकच, थोरलं आमचं मालक आन धाकलं भावजी. तिला लेक न्हाई आन मला आई न्हाई, तवा आमचं दोघींचं आपसूक जमून गेलं. मी तिची येनी घालायची, ती माझी घालायची, जत्रंला गेलं की माझा हात धरून चालायची आन लोकास्नी सांगायची, ही सून न्हवं बरं का, ही माझी मंजुळा.

तेरा वरसं असं चाललं. मला मूल झालं न्हाई. दोनदा दीस ऱ्हायलं आन दोन्ही टायमाला पोट खाली झालं, पर आत्तीनं कवा टोमना मारला न्हाई, शेजारपाजारची कुनी बोलली तर तिच्या अंगावर जायची. मग लढाई लागली आन मालक पलटनीत भरती झालं. तेच्याच फुडच्या साली भावजींचं लगीन झालं आन इंदू घरात आली. तितनं माझ्या जिवाला घोर लागला बघा.

इंदू सांगलीची. बाप हळदीच्या वखारीत मुकादम. पोरगी चवथी शिकल्याली, गोरीगोमटी, बोलनं हळू, कुनाला उलटून बोलायची न्हाई. आता तुमी म्हनशीला मग तेच्यात वाईट काय. वाईट कायच न्हवतं, तेच तर वाईट हुतं. भांडली असती तर मी भांडले असते. मालकाचं पत्र आलं की तेबी तिच्याच म्होरं धरावं लागायचं, मला कुठं वाचाय येत हुतं. माझ्या नवऱ्याची खुशाली मला तिच्या तोंडनं कळायची. ती वाचायची, मंजुळास सांगणे की काळजी करू नये, आन मी जात्यावर बसून मनात म्हनायची, माझं नाव तुझ्या तोंडात कशाला गं. आत्ती म्हनायची, किती ग्वाड वाचती न्हाई पोर. झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात.

मग आत्तीच्या डोळ्याचं निघालं. म्होरचं तिला दिसायचं, पर कडंचं दिसंना झालं. चालता चालता चौकटीला खांदा थडकायचा, बाजूला ठेवल्याली घागर लवंडायची. गावात सगळी म्हनाय लागली मोतीबिंदू हाय, पिकला की काढत्यात. भावजी म्हनलं सांगलीला डोळ्याचा दागदर हाय, तेला दाखवू. मग कवठ्यापतूर बैलगाडीनं, तितनं छोट्या आगगाडीनं मिरजंला, आन मिरजंवरनं सांगलीला, अशी आमी चौघं गेलो. दागदरनं डोळं तपासलं, बोटानं दाबून बघितलं आन म्हनला, मोतीबिंदू न्हवं बाई, हा काचबिंदू. डोळ्यात पान्याचा दाब वाढलाय, तो आतल्या शिरा मारतो. जी नजर गेली ती गेली, ती आता देवबी आनून देनार न्हाई. जी हाय ती राखायची. त्येला हे थेंब, दिवसातनं तीन येळा, दोन्ही डोळ्यात, जलमभर. बरं वाटलं तरी सोडायचं न्हाई, आन बरं वाटलं न्हाई तरी सोडायचं न्हाई.

मग तेनं इचारलं, थेंब टाकनार कोन. मी म्होरं झाले. कोन टाकनार म्हंजे काय, मीच. तेनं काचंच्या नळीत नुसतं पानी घेतलं आन म्हनला, टाकून दाखवा बघू. आता मी कवा असल्या नळीला हात लावल्याला न्हवता, तेच्यात पांढऱ्या डगल्याचा मानूस असा म्होरं उभा. हात थरथरला आन नळीचं टोक आत्तीच्या पापनीला लागलं. दागदर म्हनला, न्हाई न्हाई बाई, नळी डोळ्याला लागता कामा न्हाई, डोळ्याची घान बाटलीत जाती आन डोळं सडत्यात. तुमी व्हा बाजूला. आन नळी इंदूच्या हातात दिली. तिनं हात धुतलं, आत्तीचं डोकं मागं केलं, खालची पापनी हळूच वडली आन एक थेंब बरूबर खोबनीत टाकला. दागदर म्हनला, शाबास. तो शाबास मला जिवंत आसंपतूर ध्यानात ऱ्हाईल. मी उठून भाइर पायरीवर जाऊन बसले. तितनं म्होरं आत काय सांगितलं, काय शिकवलं, मला कायबी ठावं न्हाई. इंदू भाइर आली तवा तिच्या हातात तपकिरी बाटली हुती आन एक लिवल्याला कागद.

तो कागद तिनं देवळीच्या म्हंजे कोनाड्याच्या वर भितीला खळीनं चिकटवला आन बाटली देवळीत आत सरकवून ठेवली, उजेड लागू न्हाई म्हनून. सकाळ, दुपार, सांज, तीन येळा तिची पूजा चालायची. हात धुवायचं, नळी उकळल्याल्या पान्यातनं काढायची, आत्तीला भितीला टेकवून बसवायचं. थेंब टाकला की आत्तीनं डोळं मिटायचं, आन ही बया आत्तीच्या नाकाजवळ, डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून बसायची आन मोजायची. एक, दोन, तीन, असं शंभरपतूर. मग दुसरा डोळा, परत शंभर. मी चुलीपाशी बसून बघायची. मला वाटायचं, थेंब टाकला, झालं की. हे नाकावर बोट ठेवून बसायचं काय नाटक? म्हातारीला गोंजारती, दुसरं काय. शंभर मोजीपतूर म्हातारी हिच्या हाताखाली. माझ्या भाकरी करपायच्या.

थेंबानं आत्तीची भुवई ठनकायची, आन सांजंला अंधूक दिसायचं. दागदरनं ते आदीच सांगितल्यालं, असं इंदू म्हनायची, बाहुली बारीक हुती म्हनून हुतं तसं. पर मला तेवढंच निमित पायजे हुतं. इंदू पान्याला गेली की मी आत्तीच्या कानाला लागायची. आत्ती, बाटली आनल्यापासनं तुमची नजर जास्तीच मंद झालीया बघा. आत्ती म्हनायची, असूंदे गं, पोर एवढं करती. बघा, मी तेरा वरसं केलं तेला कुनी एवढं करती म्हनलं न्हाई.

तेच्यात इंदूला दीस गेलं. मला काय वाटलं ते तुमी बाईमानूस हाय, तुमाला येगळं सांगाय नगं. घरात सगळा आनंद, मीबी हासायची, तिला भाजल्यालं शेंगदानं द्यायची, आन गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून रडायची. आषाढात तिचा भाऊ तिला बाळतपनाला न्याय आला. निघताना ती उंबऱ्यात थांबली आन मला म्हनली, आक्का, थेंब टाकला की कोपरा दाबून धरा बरं का, इसरू नगा, आन तो कागद एकदा वाचून दाखवू का? मी म्हनलं, मला शिकवू नगंस. तू जलमली न्हवतीस तवापासनं मी आत्तीचं करती. ठिव तुझा कागद. खरं तर ती माझ्यापरीस सातच वरसानं धाकली, पर रागात मानूस काय बोलतं. आत्ती आत घोंगड्यावर बसल्याली हुती. इंदू गाडीत बसून गेली.

आता आत्तीचं डोळं माझं झालं. हात थरथरला न्हाई हो, घरात कशाला थरथरंल. पापनी वडायची, थेंब टाकायची, की चला कामाला. कोपरा दाबायचा तेवढा न्हाई दाबला. तिची नाटकं मी कशाला करू? पयल्याच दिशी आत्ती म्हनली, मंजे, घशात कडू लागलं गं. मी म्हनलं, औषिद हाय, कडूच असनार. आत्ती बरं म्हनली. असं दोन-अडीच म्हयनं गेलं.

मग नवरात आलं. आमच्यात नवरात बसायची चाल हाय. ज्येनं नवस केला त्येनं नऊ दीस देवीच्या देवळात बसायचं, घरी यायचं न्हाई, अन्नाचा कन घ्यायचा न्हाई, नुसतं देवीच्या तीर्थावर ऱ्हायाचं. आत्तीनं माझ्या मालकासाठी नवस केल्याला, पोरगा लढाईवरनं धडपनी येईपतूर दरसाल बसीन म्हनून. घट बसला त्या सकाळी मी देवळात जाऊन थेंब टाकला, तर आत्ती लगीच उठून बसली, त्वांड कसनुसं झालं. म्हनली, घशात उतरलं की गं ह्ये. उपास मोडला. आता माझ्या पोराचं कसं हुयाचं? मीबी घाबरले. नवरा माझा हुता. कुठल्या मुलखात, कुठल्या गोळीपाशी उभा आसंल आन मी हितं त्येच्या आईच्या घशात औषिद घालती. आत्ती म्हनली, नऊ दीस ऱ्हाऊंदे थेंब. नऊ दिसांनी काय हुतंय. मी म्हनलं, व्हय आत्ती. आन बाटली घरी नेऊन ठेवली.

आतनं मला कायतरी टोचलं, खोटं कशाला बोलू. उंबऱ्यातलं इंदूचं बोलनं आठवलं, कोपरा दाबून धरा. मला वाटलं, दाबलं तर घशात जात नसंल का? पर लगीच मनानं घेतलं की तिचं ऐकनं म्हंजे ती शानी आन मी येडी.

आमच्या देवीचं देऊळ लहान, काळ्या दगडाचं, आत दिवसाबी अंधार, एक समई तेवढी जळत असायची. सातव्या माळंला सांजंच्या आरतीला आत्ती एकदम म्हनली, मंजे, समईभवती कडं दिसतंय बघ. तांबडं, हिरवं, निळं, इंद्रधनुष्यावानी. गुरवानं ते ऐकलं आन वरडला, आई परसन्न झाली. झालं, सगळा गाव लोटला. देवीनं म्हातारीला तेज दावलं, म्हातारीचं पुन्य फळलं. बायका आत्तीच्या पायावर डोकं ठेवाय लागल्या, नारळ काय, भंडारा काय. आन मी तिच्या शेजारी उभी. काय सांगू तुमाला, माझी छाती अशी फुगली. माझ्या मनात एकच, इंदू तीन येळा थेंब टाकत हुती तवा तेज दिसलं न्हाई. माझ्या हाताखाली दिसलं.

आठव्या दिशी सकाळपासनं आत्तीचं डोकं फुटाय लागलं. उजवा डोळा लाल, बाहुली धुरकट, आन पोटात काय नसताना वांती. लोकं म्हनली, अंगात येतंय, येऊंदे. हलगी लावली. ती डोकं धरून बसल्याली आन कानाशी हलगी. मी तिचं कपाळ दाबत हुते आन देवीला म्हनत हुते, आई, सांभाळ.

नवव्या दिशी दुपारची बैलगाडी देवळाम्होरं येऊन थांबली आन इंदू उतरली. तीन आठवड्याची बाळतीन, डोक्याला फडकं बांधल्यालं, काखंत पोर. आमच्या गावचा कासार बांगड्या आनाय सांगलीला गेल्याला, त्येनं तिच्या बापाला मोठ्या अभिमानानं सांगितलं की तुमच्या इहिनीला देवीनं समईभवती तेज दावलं. तिनं ते ऐकलं आन तशीच भावाला घिऊन निघाली. देवळात आली, पोर माझ्या वट्यात टाकलं आन आत्तीम्होरं बसून तिचा डोळा उघडून बघितला. मग सगळ्यांच्या देखत म्हनली, हे तेज न्हवं. कागदावर लिवलंय, दिव्याभवती रंगाचं कडं दिसलं, डोकं दुखलं, वांती झाली, की घटकाभर थांबू नगा, डोळा जातो. थेंब कवापासनं बंद हाईत?

गुरव म्हनला, अजून घट उठला न्हाई, उठवलं तर नवस मोडंल. आत्तीनं माझ्या दिशंला त्वांड केलं. म्हनली, मंजे, तू सांग. उठू का बसू? आन बाई, तवा म्या काय केलं ठावं हाय? म्या कायबी केलं न्हाई. नुसती बसले. वट्यात तिचं पोर चुळबुळत हुतं, आन माझ्या मनात हिशेब, उठा म्हनलं तर हिचं खरं, माझं अडीच म्हयन्याचं सगळं खोटं. बसा म्हनायला जीभ रेटंना, उठा म्हनायला त्वांड उघडंना. आत्ती पुन्ना वकली, निस्तं हिरवं पानी, तवा कुठं म्या म्हनलं, उठा. तवर कवठ्याची आगगाडी सुटून गेल्याली. सांगली गाठाय दुसरा दीस उजाडला.

दागदरनं डोळं बघितलं आन त्येचं त्वांडच उतरलं. म्हनला, थेंब बंद केलं आन वर नऊ दीस अंधारात बसवलं, कुनाची ही अक्कल? उजवा गेला. डाव्याला कापून पान्याला वाट करतो, राहील ते राहील. आत्ती म्हनली, माझीच अक्कल, मीच बंद कराय लावलं, घशात उतरत हुतं म्हनून. दागदर म्हनला, घशात कसं उतरंल, कोपरा दाबला तर थेंब डोळ्यातच ऱ्हातो, नाकावाटं घशात जातच न्हाई, एवढ्यासाठीच तर दाबायचं शिकवलं हुतं. सांगितलं न्हवतं का कुनी? मी इंदूकडं बघितलं. आता बोलनार, आता माझं नाव घेनार. तिनं पोराच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आन म्हनली, माझीच चूक झाली दागदरसाहेब, निघायच्या घाईत सांगायचं ऱ्हाऊन गेलं.

शपथंवर सांगती, तिनं मला चारचौघात फाडून काढली असती तर बरं वाटलं असतं. तिथंबी तीच मोठी ठरली. लोकांच्या म्होरं खोटं बोलून मोठी ठरली, आन मी खरं बोलले न्हाई म्हनून लहान. मला तिच्या त्या खोटं बोलन्याचाबी हेवा वाटला.

डाव्या डोळ्यात थोडी नजर ऱ्हायली. मानसाची सावली वळखती, ताटातली भाकरी वळखती. म्होरल्या साली भावजीला सासऱ्यानं हळदीच्या वखारीत कामाला लावलं आन ती दोघं सांगलीला गेली. थेंब परत माझ्याकडं आलं, तवा दागदरनं मला पुन्ना पानी टाकून दाखवाय लावलं, आन ह्या टायमाला म्या कोपरा कसा दाबायचा, कुठं दाबायचा, किती दाबायचा, सगळं इचारून घेतलं. एक थेंब, दोन न्हाई. नळी कशाला लागू द्यायची न्हाई. थेंबाचा रंग बदलला तर बाटली फेकायची. दुसऱ्या कुनाचं डोळं आलं म्हनून त्यास्नी ह्यातलं द्यायचं न्हाई. कागद माझ्या कपाळावर लिवल्यावानी पाठ हाय बघा.

लढाई सपली आन मालक घरी आलं, धडपनी, नुसतं एका कानानं कमी ऐकू येतं. लोकं म्हनली नवस पावला. पर एक दीस दुपारी थेंब टाकून कोपरा दाबून बसले आसताना माझं मन भरून आलं आन म्या आत्तीला सगळं सांगून टाकलं. आत्ती, इंदूनं मला उंबऱ्यात सांगितलं हुतं. म्या ऐकलं न्हाई. तुमचा डोळा म्या घालवला.

आत्ती डोळं मिटूनच हुती. म्हनली, मला काय ठावं न्हवतं व्हय गं? मी आतच बसल्याली की. आन ती रोज तीन येळा दाबत हुती, मला कळत न्हवतं का दाबलं की घशात उतरत न्हाई ते? मी म्हनलं, मग का बोलला न्हाईसा? आत्ती म्हनली, बोलले असते तर तुला वाटलं असतं, आत्तीलाबी इंदूचाच हात पायजे. तुझं त्वांड किती उतरलं असतं. तुझा नवरा जवळ न्हाई, पोटी मूल न्हाई, तेच्यात आनी मी कुठं तुला दुखवू. मला वाटलं, नऊ दिसाचं काय एवढं. मला तरी कुठं ठावं हुतं गं.

बाई, तेरा वरसं आन वर तीन वरसं मी जे धुंडत हुते ते माझ्याच पदरात हुतं. त्येच्यापायी म्हातारीनं डोळा दिला. त्या दिशी माझ्या हातनं शंभर मोजून झालं न्हाई. मधीच इसरले, पुन्ना पयल्यापासनं मोजलं.

आता स्वराज आलं, दीस बदललं. तुमी म्हनशीला, एवढं झाल्यावर तुझं मन साफ झालं आसंल. कुठलं हो. खोड जात न्हाई मानसाची. गेल्या म्हयन्यात इंदू आली, पोर चांगलं चुरूचुरू बोलतंय. आत्ती सकाळपासनं इचारत हुती, आली का गं, आली का, आन मी चुलीपाशी भांडी आदळत हुते. पर दुपारच्या थेंबाची येळ झाली तवा म्या हात धुतलं, बाटली काढली, आन तिच्या हातात दिली. म्हनलं, आज तू टाक. ती हात धुवाय उठली. मी परड्यात जाऊन म्हशीपाशी उभी ऱ्हायले, आतनं तिचं मोजनं ऐकू येत हुतं. लय सावकाश मोजती ती, माझ्यापरीस सावकाश. मी शंभराला पोचले तवा ती साठावर हुती.

दुसऱ्या दिशीपासनं म्याबी सावकाश मोजाय लागले.